लोटस सेव्हन : खरेदी-कर, टंचाई आणि हलकेपणाचा इतिहास

प्रास्ताविक

यंत्राचा इतिहास लिहिताना सर्वसाधारणपणे दोन वाटा चोखाळल्या जातात. एक वाट संशोधकाच्या चरित्राची. तीत एका असामान्य बुद्धीच्या माणसाला एक कल्पना सुचते आणि तिच्यातून यंत्र जन्माला येते. दुसरी वाट आकडेवारीची. तीत इंजिनाची क्षमता, वेग आणि उत्पादनाची संख्या यांच्या नोंदी क्रमाने मांडल्या की इतिहास पूर्ण झाला असे समजले जाते. या दोन्ही वाटांनी जाताना एक प्रश्न मात्र बाजूला राहतो. एखादे यंत्र नेमके त्याच आकाराचे, त्याच वजनाचे आणि त्याच किमतीचे का झाले, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न इंग्लंडमधील एका लहानशा मोटारीच्या संदर्भात विचारला आहे. लोटस कंपनीची 'सेव्हन' ही दोन आसनांची उघडी मोटार १९५७ ते १९७३ या सोळा वर्षांत तयार होत होती. या अवधीत बाहेर पडलेल्या मोटारींची एकूण संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. त्या काळची ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन एवढ्या मोटारी एका आठवड्याच्या आतच तयार करीत असे. तरीही हलक्या मोटारींच्या इतिहासात सेव्हनचे नाव प्रथम घेतले जाते, आणि त्या हलकेपणाचे श्रेय कॉलिन चॅपमन या एका अभियंत्याच्या प्रतिभेला दिले जाते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. सेव्हनचा हलकेपणा हा प्रथमतः युद्धोत्तर टंचाईचा, करकायद्यातील एका फटीचा आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या भागांचा परिणाम होता. चॅपमनची प्रतिभा खरी, पण ती या परिणामाला शिस्त लावण्यात दिसते. या दोहोंत गल्लत केली, तर ज्या अनेक हातांनी ही मोटार घडवली ते हात आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत, दोन्ही नजरेआड होतात.

पेट्रोलच्या रेशनिंगमधून एक मोटार

दुसरे महायुद्ध जिंकलेल्या इंग्लंडची आर्थिक स्थिती पराभूताहून फारशी बरी नव्हती. परकीय चलन मिळवण्यासाठी निर्यात करणे भाग होते. पोलादाचा वाटप-कोटाही निर्यातीशी जोडलेला होता. नवी मोटार हवी असलेल्या देशातील ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पोलाद दुर्मीळ असताना विमानउद्योगातील ॲल्युमिनियम मात्र मुबलक शिल्लक होते. १९४८ मध्ये आलेल्या लँड रोव्हरची बाह्यांगे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली, त्याचे कारण हेच.

याच परिस्थितीत 'स्पेशल' नावाचा प्रकार फोफावला. जुनी मोटार घ्यावयाची, तिचे वरचे शरीर उतरवावयाचे आणि उरलेल्या भागांवर स्वतःच्या हाताने हलके, वेगवान वाहन उभारावयाचे. या कामासाठी सर्वांत लोकप्रिय मोटार म्हणजे ऑस्टिन सेव्हन. १९२२ ते १९३९ या काळात तिच्या सुमारे २,९०,००० प्रती बनल्या होत्या, त्यामुळे भंगारात ती कोठेही मिळे. १९३९ मध्ये स्थापन झालेला '७५० मोटर क्लब' हा अशा मोटारी बांधणाऱ्यांचाच क्लब होता. शर्यतींसाठी जागाही युद्धानेच पुरवली होती. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, स्नेटर्टन येथील शर्यतीचे मार्ग म्हणजे ओस पडलेल्या युद्धकालीन विमानतळांच्या धावपट्ट्या आणि त्यांभोवतीचे रस्ते होत.

कॉलिन चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो स्थापत्य-रचनेचे अभियांत्रिकी शिक्षण घेत होता आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायलाही शिकला होता. शिक्षण चालू असतानाच जुन्या मोटारी विकत घेऊन विकण्याचा जोडधंदा त्याने आरंभला होता. १९४७ च्या शरद ऋतूत सरकारने खाजगी मोटारींचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला, आणि जुन्या मोटारींचा बाजार एका रात्रीत कोसळला. चॅपमनने मिळेल त्या किमतीला माल काढून टाकला. त्यात एक जुनी ऑस्टिन सेव्हन मात्र विकली गेली नाही. त्याची वाग्दत्त वधू हेझल हिच्या घरच्या गॅरेजात त्याने तीच मोटार उघडली आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेल्या प्लायवूडचे नवे शरीर तिच्यावर चढवले. १९४८ ची ही मोटार लोटसच्या इतिहासात 'मार्क वन' म्हणून ओळखली जाते. चरित्रकार या प्रसंगाकडे होतकरू तरुणाच्या जिद्दीची कथा म्हणून पाहतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील पेट्रोलच्या रेशनिंगचा भाग अधिक बोलका आहे, कारण ती मोटार विकली गेली असती तर 'मार्क वन' तयारच झाली नसती.

१ जानेवारी १९५२ रोजी चॅपमनने मायकल ॲलन या मित्रासह लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू केली. लंडनच्या हॉर्न्सी भागात चॅपमनच्या वडिलांचे रेल्वे हॉटेल होते. त्यामागचा जुना तबेला हाच कारखाना झाला. पुढे कंपनी मर्यादित करताना लागलेले २५ पौंडांचे भांडवल हेझलने उसने दिले, ही नोंद लोटसच्या बहुतेक इतिहासांत एका ओळीत येते आणि तेथेच संपते.

सांगाड्याचे गणित

त्या काळातील बहुतेक मोटारींचा पाया म्हणजे शिडीसारखा सांगाडा असे. लांबीच्या दिशेने दोन जाड तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. ही शिडी खाली-वर वाकण्यास विरोध करते, पण तिला पीळ सहज बसतो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले की सबंध सांगाडा ओल्या कापडासारखा पिळला जातो. मग चाकांची भूमिती बिघडते आणि मोटार चालकाच्या हाती राहत नाही. यावर प्रचलित उपाय दोन होते. तुळया अधिक जाड कराव्या किंवा स्प्रिंगा अधिक कडक कराव्या. पहिल्याने वजन वाढे, दुसऱ्याने चाके रस्त्यावरून उडत.

चॅपमन पुलांचे आणि छपरांच्या कैच्यांचे गणित शिकला होता. त्या गणिताचे मूळ तत्त्व साधे आहे. चार काठ्यांचा चौकोन टोकांशी जोडला तर तो ढकलताच कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र काठी तुटल्याखेरीज आकार बदलत नाही. सर्व भार जर त्रिकोणांच्या कोपऱ्यांवरच येईल अशी योजना केली, तर प्रत्येक काठीवर केवळ ओढ किंवा केवळ दाब येतो, वाक येत नाही. वाक नसेल तर काठी बारीक असली तरी चालते. रेल्वेचा लोखंडी पूल ज्यांनी खालून निरखला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

१९५२ मधील 'मार्क सिक्स' या मोटारीत हे तत्त्व प्रथम विक्रीच्या वस्तूत उतरले. बारीक पोलादी नळ्यांच्या त्या सांगाड्याचे नुसते वजन ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो होते. पत्रे आणि कंस बसवल्यावर ते ९० पौंडांवर जाई. ॲल्युमिनियमचे पत्रे येथे केवळ झाकणे नव्हती. नळ्यांच्या चौकटीवर रिव्हेटने घट्ट बसवलेला पत्रा त्या चौकटीला कलू देत नाही, म्हणजे तो कर्णरेषेतल्या नळीचे काम करतो. सेव्हनमध्येही मोटारीचा तळ, दोन्ही बाजू आणि मधला बोगदा यांचे पत्रे असेच भार वाहतात.

सेव्हनची पुढची चाके ज्या जोडणीवर टांगली आहेत ती याहून अधिक बोधप्रद आहे. प्रत्येक चाकाला वरच्या बाजूस इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दुबेळका दांडा लागतो. शिवाय वळणावर मोटार एका अंगाला झुकू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा सळ लागतो. चॅपमनने या सळाची टोके वळवून त्यांनाच 'व्ही'चा पुढचा पाय केले. एक भाग पूर्णपणे वगळला गेला. त्याचे वजन, त्याची किंमत आणि त्याची झीज हे सर्व त्याबरोबर गेले. ही क्लृप्ती १९५७ च्या 'ट्वेल्व्ह' या शर्यतीच्या मोटारीत आली आणि तेथून सेव्हनमध्ये उतरली. आधी सोपे करा आणि मग हलके करा, अशा अर्थाचे एक सूत्र चॅपमनच्या नावावर सर्वत्र उद्धृत होते. त्या आशयाचे वचन त्याच्यापूर्वीच अमेरिकी विमानरचनाकार विल्यम स्टाउट यांच्या वर्तुळात प्रचलित होते. सूत्र कोणाचेही असो, हा वळवलेला सळ हे त्याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण आहे.

येथे श्रेयाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. लोटसच्या आरंभीच्या सांगाड्यांची आकडेमोड एकट्या चॅपमनने केली नाही. डी हॅविलँड या विमान कंपनीतील पीटर रॉस आणि 'मॅक' मॅकिन्टॉश हे तरुण अभियंते दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी या कामाला हातभार लावीत. माइक कॉस्टिन त्याच कंपनीतून आला. पुढे १९५८ मध्ये त्याने कीथ डकवर्थसह कॉस्वर्थ ही इंजिनांची सुप्रसिद्ध संस्था काढली. नळ्या जोडून देणारी प्रोग्रेस चासी कंपनी आणि पत्रे ठोकून देणारे विल्यम्स अँड प्रिचर्ड ही स्वतंत्र, लहान कारागीर मंडळी होती. म्हणजे युद्धकाळात करदात्यांच्या पैशावर विमानउद्योगाने जे कौशल्य जोपासले, ते संध्याकाळच्या फावल्या वेळात जवळजवळ फुकट लोटसच्या तबेल्यात येत होते. हा पुरवठा नसता तर त्रिकोणांचे गणित कागदावर राहिले असते.

दुसऱ्यांच्या भागांची मोटार

सेव्हन हे नाव क्रमाने आले नाही. सातवा क्रमांक दुसऱ्या एका मोटारीसाठी राखून ठेवला होता. ती लोटसच्या नावाने कधी पूर्ण झाली नाही, आणि 'इलेव्हन' बाजारात आल्यानंतर, १९५७ मध्ये, तो रिकामा क्रमांक मार्क सिक्सच्या या वारसदाराला मिळाला.

पहिल्या मालिकेच्या (१९५७–६०) सुमारे अडीचशे मोटारी झाल्या. त्यांतील सर्वांत साध्या प्रकारात फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन आणि तीन वेगांचा गिअरबॉक्स असे. हे इंजिन त्या वेळीही जुनाट समजले जाई. त्याची शक्ती ४० अश्वशक्तीच्या आसपास. हेच इंजिन वाहणारी फोर्ड अँग्लिया पाऊण टनाच्या घरात होती, म्हणजे टनामागे अश्वशक्ती पन्नासच्या आत. सेव्हनचे वजन साडेचारशे किलोंपेक्षा कमी असल्याने तिचे प्रमाण नव्वदच्या पुढे जाई. इंजिनाला हात न लावता मोटार जवळजवळ दुप्पट सशक्त झाली. शिवाय वजन कमी झाले की ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात, स्प्रिंगा मऊ चालतात आणि या सर्वांमुळे वजन आणखी घटते. मात्र या लाभाला एक मर्यादाही आहे, आणि ती सेव्हनच्या चाहत्यांना सहसा आवडत नाही. हलकेपणाने वेग घेणे, थांबणे आणि वळणे सुधारते, पण सर्वोच्च वेग हवेच्या विरोधावर ठरतो आणि तो वजनावर नव्हे, आकारावर अवलंबून असतो. उघडी चाके, उभी काच आणि बाहेर आलेले दिवे यांमुळे सेव्हन वाऱ्यासमोर पेटीसारखी उभी राहते. साध्या इंजिनाची सेव्हन ताशी १३० किलोमीटरच्या आसपास येऊन थांबे.

दुसऱ्या मालिकेत (१९६०–६८) काटकसर आणखी पुढे गेली. सांगाड्यातील काही नळ्या कमी केल्या. नाक आणि मडगार्डे ॲल्युमिनियमऐवजी फायबरग्लासची झाली. मागचा ॲक्सल स्टँडर्ड कंपॅनियन या मोटारीचा, तर स्टिअरिंग रॅक आणि पुढच्या चाकांचे उभे आधार ट्रायम्फ हेराल्डचे. सुमारे १३५० मोटारी या मालिकेत बनल्या. सेव्हनच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा आकडा आहे.

हेराल्डचे नाव महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नसावे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून हीच मोटार 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने येथे बनवली. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी तालुक्याच्या गावी एका गॅरेजच्या मागे अशी एक हेराल्ड चाकांविना उभी होती. तिचे सबंध बॉनेट पुढच्या बाजूस उलटत असे, आणि आम्हा मुलांना त्याचे भारी कौतुक होते. त्या गंजलेल्या बॉनेटखाली जे उभे आधार होते, तसेच भाग इंग्लंडमध्ये सेव्हनच्या पुढच्या चाकांना होते, हे अनेक वर्षांनी लक्षात आले. तेव्हा साहजिकच एक शंका मनात आली. टंचाईतून हलकी मोटार जन्मते असे म्हणावे, तर टंचाई आपल्याकडे अधिकच तीव्र होती. मग येथे असे काही का घडले नाही?

या शंकेने मूळ सिद्धान्त अधिक नेमका होण्यास मदत होते. टंचाई एकटी काहीच निर्माण करीत नाही. इंग्लंडमध्ये नव्या मोटारींची टंचाई होती, पण जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची रेलचेल होती. ओस धावपट्ट्या होत्या, विमानउद्योगातील कुशल हात होते आणि घराला लागून लहानसे गॅरेज असलेला मध्यमवर्ग होता. आपल्याकडे १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव उरला नाही. शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये बंद झाली. पुढे मोटारी बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. त्यांच्याकडून मिळणारा प्रत्येक भाग मोटार चालू ठेवण्यासाठीच लागे. खेळण्यासाठी शिल्लक राहील असे त्यात काही नव्हते. त्या धोरणाचे मूल्यमापन हा येथील विषय नाही. पण कोणती वस्तू दुर्मीळ आणि कोणती मुबलक, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे असते, आणि यंत्राचा आकार त्या उत्तरानुसार ठरतो, एवढे येथे नोंदवले पाहिजे.

कायद्यातील फट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स, म्हणजे खरेदी-कर, ऑक्टोबर १९४० मध्ये लागू झाला. चैनीच्या वस्तूंचा खप घटवून युद्धासाठी साधने वळवणे हा त्याचा हेतू. युद्ध संपले, कर राहिला. तो वस्तूच्या घाऊक मूल्यावर आकारला जाई. मोटारींवरील त्याचा दर अर्थमंत्र्यांच्या गरजेनुसार वरखाली होत असे. १९५१ मध्ये तो ६६ टक्क्यांवर होता; १९५३ मध्ये ५० टक्के झाला; १९५५ च्या ऑक्टोबरपासून १९५९ च्या एप्रिलपर्यंत ६० टक्के राहिला. सेव्हनचा जन्म या ६० टक्क्यांच्या काळातला.

पूर्ण मोटार ही करपात्र वस्तू होती. दुरुस्तीसाठी विकले जाणारे सुटे भाग नव्हते. ग्राहकाने भाग विकत घेतले आणि आपल्या घरी, आपल्या हाताने जोडले, तर जन्माला आलेल्या मोटारीवर कर लागत नसे. कारखान्यात जोडलेली सेव्हन हजार पौंडांपलीकडे जाई. तीच मोटार सुट्या भागांच्या पेट्यांत जवळजवळ निम्म्या किमतीत मिळे. करखात्याच्या अटीनुसार जोडणीसाठी व्यावसायिक मदत घ्यावयाची नव्हती आणि विक्रेत्याने जोडणीच्या सूचनाही द्यावयाच्या नव्हत्या. यावर लोटसने मोटार सुटी करण्याच्या सूचना छापल्या आणि ग्राहकाने त्या शेवटाकडून वाचाव्या अशी अपेक्षा ठेवली, असे सांगितले जाते. ही कथा इतक्या वेळा आणि इतक्या चवीने सांगितली गेली आहे की तिच्यातील सत्य आणि मीठमसाला वेगळे करणे अवघड आहे. पण कायद्याचा मसुदा आणि मोटारीचा आराखडा एकाच मेजावर ठेवून पाहिले जात होते, एवढे तिच्यावरून निश्चित समजते.

या फटीचा मोटारीच्या घडणीवर काय परिणाम झाला? जी मोटार हौशी माणसाने घरगुती हत्यारांनी जोडावयाची आहे, तिला दरवाजे नकोत, कारण दरवाजा नीट बसवणे हे निष्णात कारागिराचे काम आहे. तिला वर-खाली होणाऱ्या काचा नकोत, गोलाईचे पत्रे नकोत, अंगभर वायरिंग नको. सांगाडा जोडलेला आणि पत्रे बसवलेले मिळावेत. उरलेले काम पान्याने व्हावे. आज सेव्हनच्या उघड्यावाघड्या रूपाकडे सौंदर्यदृष्टीचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. पण त्यातील बराचसा उघडेपणा शनिवार-रविवारच्या सुटीत, अपुऱ्या दिव्याच्या उजेडात काम करणाऱ्या ग्राहकाचा विचार करून आलेला आहे.

१९६१ मध्ये सेव्हनच्या संचाची किंमत ४९९ पौंडांवर आणली गेली. त्या वर्षी इंग्लंडमधील कष्टकरी पुरुषाची सरासरी साप्ताहिक कमाई १५ पौंडांच्या आसपास होती, म्हणजे ही मोटार सुमारे तेहतीस आठवड्यांच्या कमाईची. आणखी एक तुलना उद्बोधक ठरते. १९५९ मध्ये आलेल्या मिनीची किंमत करासह ४९७ पौंडांच्या आतच होती. चार माणसे, छप्पर, दरवाजे आणि कर एवढे सर्व मिनी ज्या किमतीत देत होती, तेवढ्याच किमतीत सेव्हन दोन आसने आणि पेट्या देत होती. तेव्हा सेव्हनला गरिबांची मोटार म्हणणे हा भाबडेपणा आहे. ज्याला वेळ आहे, जागा आहे आणि हाताने काम करण्यात कमीपणा वाटत नाही अशा तरुण मध्यमवर्गीयाची ती मोटार होती. या वर्गाला पूर्ण बनवलेली वेगवान मोटार परवडत नव्हती. करातून वाचलेले पैसे हेच त्याचे भांडवल होते.

हलकेपणाची किंमत

काटकसरीला मर्यादा असतात आणि सेव्हनमध्ये त्या ओलांडल्याही गेल्या. दुसऱ्या मालिकेतील मागच्या ॲक्सलला जागी धरण्यासाठी इंग्रजी 'ए' आकाराची एक चौकट डिफरन्शिअलच्या पेटीला खालून जोडली होती. या पेटीला असा भार सोसण्यासाठी तिच्या मूळ रचनाकाराने बनवलेच नव्हते. तिला पीळ बसे आणि तेल गळू लागे. इंजिन अधिक शक्तिशाली होत गेले तसा हा दोष बळावला. दुसऱ्यांच्या भागांतून मोटार जुळवताना त्या भागांच्या मूळ गृहीतांचा विसर पडला, तर काय होते याचा हा नमुना होय.

तेल गळणे ही किरकोळ गोष्ट म्हणता येईल. शर्यतीच्या मोटारींत याच विचारसरणीचे परिणाम अधिक गंभीर झाले. १९६० च्या बेल्जियन ग्रां प्रीच्या सरावात स्पा येथे लोटस एटीनचे मागचे चाक निखळून स्टर्लिंग मॉस जबर जखमी झाला. त्याच सरावात माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. त्याची शर्यतीची कारकीर्द संपली आणि त्याने कंपनीवर दावा लावला. प्रत्यक्ष शर्यतीत लोटसचा ॲलन स्टेसी मृत्यू पावला, पण त्याचे कारण तोंडावर आदळलेला पक्षी होते, मोटारीचा दोष नव्हे. हा भेद पाळला पाहिजे. १९७० मध्ये मॉन्झा येथे योखेन रिंट लोटस ७२ मध्ये ठार झाला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटणे हे त्याचे कारण मानले गेले. भाग किती बारीक करता येईल याचे गणित पुलाच्या बाबतीतही करतात. तेथे मात्र सुरक्षेसाठी कित्येक पट जादा ताकद ठेवण्याचा दंडक असतो, आणि पुलाच्या अभियंत्याने केलेली चूक तपासणाऱ्या संस्था असतात. शर्यतीच्या मोटारीला त्या काळी असा दंडक नव्हता. चॅपमनच्या प्रतिभेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात हा मजकूर बहुधा परिशिष्टात जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्य मजकुराचा भाग आहे, कारण नळीची जाडी ठरवताना जोखीम कोणी घ्यावयाची हेही ठरत असते.

सेव्हन ही रस्त्यावरची मोटार असल्याने तिच्यात शर्यतीइतका ताण नव्हता. पण चालकाचा कोपर बाहेर, शेजारी पातळ पत्रा आणि पाठीमागे पेट्रोलची टाकी, ही तिची बैठक लक्षात घेतली म्हणजे जोखमीची कल्पना येते.

फट बुजते

१९६२ च्या एप्रिलमध्ये मोटारींवरील खरेदी-कर ४५ टक्के आणि नोव्हेंबरमध्ये २५ टक्के झाला. संचातून वाचणारी रक्कम त्या प्रमाणात आक्रसली. दरम्यान ऑस्टिन-हीली स्प्राइट (१९५८), एमजी मिजेट (१९६१) आणि हेराल्डच्याच सांगाड्यावरची ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२) अशा पूर्ण बनवलेल्या लहान स्पोर्ट्स मोटारी बाजारात आल्या. त्यांना छप्पर होते, दरवाजे होते आणि गावोगावी दुरुस्तीची सोय होती. १९६७ मध्ये 'द प्रिझनर' या दूरचित्रवाणी मालिकेत नायकाच्या हाती सेव्हन दिसली, तेव्हा तिच्या उत्पादनात चॅपमनला फारसा रस उरला नव्हता. १९५९ मध्ये चेशंट आणि १९६६ मध्ये नॉरफोकमधील हेथेल असे कारखान्याचे स्थलांतर झाले होते. हेथेल हाही युद्धकालीन विमानतळच. कंपनी आता महागड्या मोटारींकडे वळली होती. तिसऱ्या मालिकेच्या (१९६८–७०) साडेतीनशेच्या आत मोटारी झाल्या. १९७० मध्ये आलेल्या चौथ्या मालिकेला फायबरग्लासचे नवे, बसके शरीर दिले गेले. ते जुन्या चाहत्यांना रुचले नाही.

१ एप्रिल १९७३ रोजी खरेदी-कर रद्द झाला आणि त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला. हा कर पूर्ण मोटारीवर होता तसाच सुट्या भागांवरही होता. ज्या फटीतून सेव्हन वाढली ती बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडून दिली. सरे परगण्यातील केटरहॅम येथे ग्रॅहॅम नर्न यांची केटरहॅम कार्स ही संस्था सेव्हनची विक्री करीत होती. १९६७ पासून ती एकमेव विक्रेती होती. नर्न यांनी उत्पादनाचे हक्क आणि उरलेले साहित्य विकत घेतले. आरंभी चौथ्या मालिकेच्या काही मोटारी बनवून १९७४ मध्ये ते तिसऱ्या मालिकेच्या जुन्या सांगाड्याकडे परतले.

येथे आपल्या सिद्धान्ताला एक अडचण येते, आणि ती मान्य केली पाहिजे. सेव्हन जर करकायद्याचे अपत्य होती, तर कर गेल्यावरही ती का टिकली? चॅपमन १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने वारला. केटरहॅमची मालकी पुढे अनेकदा बदलली आणि २०२१ मध्ये जपानच्या व्हीटी होल्डिंग्जकडे गेली. तरी डार्टफर्ड येथे आजही सेव्हन तयार होते आणि संचाच्या रूपातही विकली जाते. याचे उत्तर असे दिसते की कराने ज्या ग्राहकाला नाइलाजाने पाना हाती घ्यायला लावले, त्याला त्या कामाची गोडी लागली. प्रथम जी काटकसर होती ती पुढच्या पिढीत आवड झाली. आणि आवडीसाठी माणसे अधिक पैसेही मोजतात. आजची सेव्हन ही मुळीच स्वस्त वस्तू नाही.

स्वस्ताईचा धागा मात्र दुसरीकडे निघाला. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी, या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. भंगारातील एक फोर्ड एस्कॉर्ट, चौकोनी पोलादी नळ्या, वेल्डिंगचे यंत्र आणि पुस्तकात दिलेली मापे एवढ्यावर सेव्हनच्या वळणाची मोटार उभी राहते. 'लोकॉस्ट' या नावाने ती ओळखली जाऊ लागली, आणि इंग्लंडबाहेरही घरोघरच्या गॅरेजांत तिचे सांगाडे जोडले गेले. त्या मापांतील त्रिकोणांची मांडणी मूळ सेव्हनच्याच घाटाची आहे, आणि नळ्यांवर पत्रा रिव्हेटने बसवण्याची रीतही तीच.